नवतप्यातला समुद्र

नवतपा, म्हणजे रोहिणी नक्षत्रातले ते नऊ कडक दिवस, लागला की आमच्याकडची माणसं खूश होतात, हे बाहेरच्या कुणाला सांगून खरं वाटत नाही. रोहिणी जितकी तापेल तितका पुढे पाऊस चांगला, असा त्यांचा हिशेब. अंगणात अनवाणी पाय टाकता येत नाही, विहिरीच्या दोराला हात लावला की चटका बसतो, कावळे चोच वासून गोठ्यात येऊन बसतात, आणि ओट्यावरची म्हातारी माणसं मान डोलावत म्हणतात, "तपू द्या बाप्पा, तपू द्या. धान पिकंन." कालपासून पुन्हा तेच ऐकू येतंय. मला मात्र ते ऐकवत नाही. सगळं गाव ऊन मागत होतं आणि आमच्या घरातल्या एका खोलीत आम्ही तीन बायका गारव्यासाठी जिवाचं रान करत होतो, असा एक नवतपा मी काढला आहे. दहाएक वर्षं झाली असतील त्याला. त्यानंतर उन्हाळे पुष्कळ आले आणि गेले, पण माझ्या लेखी उन्हाळा म्हणजे तोच.

आमच्या घरात तेव्हा समुद्र होता. हसू नका. अड्याळसारख्या गावात, जिथून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र लागायला आगगाडीत एक रात्र तरी काढावीच लागते, तिथे धानाच्या खोलीत, दोन ढोल्यांच्या मध्ये, काचेच्या पेटीत समुद्र होता. ढोली म्हणजे आमच्याकडची धान साठवायची बांबूची, शेणानं लिंपलेली मोठी कणगी. ती खोली घरातली सगळ्यात गार. भिंती हातभर जाडीच्या मातीच्या, खिडकी एकच आणि तीही उत्तरेला. आत गेलं की धानाच्या तुसाचा वास यायचा आणि त्या वासात मिसळलेला दुसरा एक ओला, खारट वास. तो वास आमच्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, इतका आवडायचा की काम नसताना त्या उगाच धान चाळायला म्हणून तिथे जाऊन बसत.

हा समुद्र आणला होता माझ्या नणंदेने, मंदाने. ती नागपूरला प्राणिशास्त्र शिकत होती. आमच्या घराण्यात पोरी सातवीपुढे गेल्या नव्हत्या, ही एम.एस्सी.ला. त्या हिवाळ्यात त्यांची सहल दक्षिणेच्या समुद्रावर गेली आणि परतताना ही बाई वरठीच्या स्टेशनावर उतरली ती पाण्याने भरलेले प्लास्टिकचे कॅन आणि हवेने फुगवलेल्या पिशव्या घेऊन. माझं माहेर वरठीचं, स्टेशनाच्या मागेच. माझे बाबा तिला उतरवून घ्यायला गेले होते. त्यांनी कॅन उचलून पाहिला आणि विचारलं, "काय वं पोरी, काशीची गंगा आनली का?"

"गंगा नाई काका. समुद्र आनला."

बाबा घरी येऊन आईला म्हणाले, पोरगी शिकून शिकून कामातून गेली.

पिशव्यांमध्ये होते दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे, बोटाएवढे. एक समुद्रफूल, त्याला फूल म्हणायचं पण ते प्राणी. आणि एक ओबडधोबड दगड. हा दगड जिवंत आहे, असं मंदाने सांगितलं तेव्हा मी तिची थट्टा केली होती. मग एके दिवशी दिवेलागणीला त्या दगडातून बारीक बारीक बोटं बाहेर आली आणि पाण्यात काहीतरी चाचपू लागली. हे पोवळं, ती म्हणाली. आत्याबाईंचा हात आपसूक गळ्याशी गेला. त्यांच्या माहेरच्या माळेत सोन्याच्या मण्यांमध्ये दोन पोवळी होती.

"म्हंजे मी जितेजागते जीव गळ्यात घालून फिरून राह्यली का वं?"

"आता जिते नाई ते, आई."

"पह्यले तं होते ना?" असं म्हणून त्यांनी माळ काढली, आणि बरेच दिवस ती पुन्हा घातली नाही. अशी बाई होती ती.

ते मासे समुद्रफुलाच्या झुबक्यातच राहायचे. त्या फुलाची बोटं दुसऱ्या माशांना डसतात, यांना नाही. संध्याकाळ झाली की दोघं आत शिरून अंग मोडून पडायचे. आत्याबाई पेटीसमोर पाटावर बसून पाहत राहायच्या. पवनी आणि भंडारा यांच्यामधलाच मुलूख त्यांनी जन्मभर पाहिलेला. पण पाणी भरायला आलेल्या बायकांना त्या ऐटीत सांगायच्या, "माह्यी मंदा समुद्रात उतरून आली. गुडघ्यावरी." त्या बायका मग पेटी पाहायला येत, कुणी बोट बुडवून खारट लागतं का ते पाहायला मागे, कुणी बाहेरूनच हात जोडे.

आता मूळ गोष्ट. मंदाला त्या समुद्रकाठच्या एका संशोधन केंद्रात जागा मिळत होती. दोन वर्षं राहायचं, पोवळ्यांचा अभ्यास करायचा, पुढे डॉक्टरेट. पावसाच्या तोंडावर हजर व्हायचं होतं. तिला दुसरं काही नको होतं. तिने कधी पातळ मागितलं नाही, बांगडी मागितली नाही. हे एकच मागितलं. आणि ते द्यायचं की नाही हे मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या हातात होतं.

मामाजी तसे वाईट नव्हते. पण त्यांची सगळ्याच गोष्टींची परीक्षा नवतप्यात व्हायची. नवी विहीर असो, नवा बैल असो, कलम असो, "नवतपा काढू दे, मंग पाहू." मीही या घरात वैशाखात लग्न होऊन आले होते आणि माझ्याबद्दलही ते हेच म्हणाले होते, असं आमच्या ह्यांनी मला नंतर सांगितलं. मी नवतपा काढला आणि घरात टिकले. तर मंदाने विषय काढला तेव्हा ते पेटीकडे बोट करून म्हणाले, "हे जीव आधी नवतप्यातून काढून दाखव. घरातल्या घरात जमलं तं तिकडंही जमंन. मंग जा." मंदाने मान डोलावली. मला वाटलं, बरं झालं, एक अट तर ठरली. पण ते सकाळी असं बोलायचे आणि संध्याकाळी शेतावरून आले की म्हणायचे, पोरीच्या जातीला एवढ्या दूर कसं पाठवू. दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा पिताना मऊ. मंदा सकाळी गाणं गुणगुणायची आणि रात्री न जेवता उठायची. मी त्या उन्हाळ्यात तिच्याकडे पाहून शिकले की नुसता नकार माणूस पचवतो. त्याने काही कुणी मरत नाही.

पेटीतल्या पाण्याचंही तसंच होतं. मी मंदाला म्हटलं होतं, समुद्रावर काय कमी ऊन असेल? ती म्हणाली, "वहिनी, ऊन तं तिथंही हाय. पन समुद्र एवढा मोठा हाय का त्याले तापाची घाई नाई आन् थंड व्हायचीही नाई. दिवस असो, रात असो, पानी एकसारखं. हे आपलं डबकं हाय. याले दुपारी ताप येते आन् पहाटे थंडी वाजते. जीव मरते तो ह्या चढउतारानं." पेटीत काचेची नळी लावलेली होती, तिच्यातली लाल रेघ वर-खाली व्हायची. ती कुठपर्यंत चढलेली चालेल तिथे मंदाने देवाच्या पूजेतला लाल दोरा बांधला होता. आत्याबाईंना अंक वाचता येत नसत. दोरा दिसायचा.

चैत्र सुखाने गेला. वैशाखात लाल रेघ दोऱ्याशी खेळू लागली. मग आमचे उद्योग सुरू झाले. खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर दर घटकेला पाणी. पेटीच्या चारी बाजूंनी ओली पोती. वर मामाजींचं जुनं धोतर ओलं करून पसरलेलं. वीज गेली की पाण्यात हवा सोडणारं यंत्र बंद पडायचं; मग आम्ही पाळीपाळीने लोट्याने पाणी उचलून उंचावरून धार सोडत बसायचो. हात भरून यायचे. कुणीतरी बर्फ आणायचा सल्ला दिला, मंदा एकदम ओरडली, "एकदम गार नाई करायचं!" तिने ठरवलेली रीत अशी होती: कॅनमधलं राखीव समुद्राचं पाणी गार करून ठेवायचं, पेटीतलं थोडं काढायचं, तेवढंच हे हळूहळू घालायचं. गार करायला आत्याबाईंनी नवा माठ दिला. पहिले काही दिवस माठ छान पाझरला. मग त्याच्या बाहेरून पांढरा लोणा फुटला, जुन्या भिंतीला फुटतो तसा. खारं पाणी पाझरलं, पाणी उडून गेलं, मीठ तिथेच बसलं आणि माठाची सगळी छिद्रं बुजली. दुसऱ्या माठाचंही तेच झालं. आत्याबाई त्या माठावर हात फिरवून म्हणाल्या, "मीठ लागलं त्याले. आता हा नाई थंड करत."

आणि नवतपा लागला. ओट्यावर मामाजी आणि त्यांचे सोबती खूश. "यंदा रोहिनी बराबर तपून राह्यली." आत मंदा ओल्या पोत्यांवर पाणी मारते आहे. मला एकदा वाटलं, बाहेर जाऊन ओरडून सांगावं, गप्प बसा रे, ऊन मागू नका, आत एका पोरीचा जन्म तापतो आहे. सून असल्याने मी तसं काही ओरडले नाही. पन्हं केलं आणि नेऊन दिलं.

नवतपा अर्धा झाला तरी मासे जिवंत होते. फूल उमललेलं होतं. त्या सकाळी मामाजी स्वतः धानाच्या खोलीत आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "जगवले तं तू." मंदाने हातातला लोटा खाली ठेवला. ते म्हणाले, "जा, नागपूरले जाऊन तुह्या सरले भेटून ये. तिकिटाचं काय ते पाहून ये." ती दोन दिवसांसाठी गेली. जाताना मला आणि आत्याबाईंना सगळं पुन्हा समजावलं. तिच्या तोंडावरचा तो आनंद मला अजून दिसतो आणि तो दिसला की मला रडू येतं, कशाला लपवू.

त्याच दुपारी मला ऊन लागलं. अंगात ताप, डोळे उघडवेनात. आत्याबाईंनी माझ्या तळपायांना कांद्याचा रस चोळला, कैरी उकडून पन्हं पाजलं आणि पेटीचं काम एकटीने अंगावर घेतलं. बाहेर त्या दिवशी पक्षी मरून पडत होते म्हणे. लाल रेघ दोऱ्याला भिडली. माठ बंद पडलेले. मग त्या माउलीने विचार केला आणि घरातलं सगळ्यात चांगलं भांडं काढलं. त्यांच्या लग्नातला तांब्याचा गुंड. सणासुदीला पाणी भरायचा. तांब्यातलं पाणी गार राहतं, शुद्ध राहतं, हे त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं आणि ते काही खोटं नाही. त्यांनी तो चिंच-राखेने आतून बाहेरून लखलखीत घासला, समुद्राचं पाणी त्यात भरलं, ओलं फडकं गुंडाळून कोपऱ्यात रात्रभर ठेवला. सकाळपासून वाटीवाटीने, मंदाने सांगितलं होतं तसं हळूहळू, पेटीत घालत राहिल्या. एकदम गार केलं नाही. गोडं पाणी घातलं नाही. लाल रेघ दोऱ्याच्या खाली आली आणि तिथेच राहिली. मला येऊन सांगितलं, "राह्यलं वं पानी. दोऱ्याच्या खालीच हाय." त्यांच्या पदराला त्या खाऱ्या पाण्याचा वास येत होता.

दिवस कलता कलता फूल मिटलं. त्यांना वाटलं, दमलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दगडावरून सुटून तळाशी पडलं होतं, पाणी गढूळ झालं होतं, आणि ते दोन मासे आडवे होऊन वर आले होते. पोवळ्याची बोटं आत गेली ती गेलीच.

मंदा दुपारच्या एस.टी.ने आली. मी भिंतीला धरून उठून गेले. ती पेटीसमोर उभी होती. आत्याबाई जमिनीवर बसून तिचे पाय धरत होत्या. "पोरी, पानी तं दोऱ्याच्या वर गेलंच नाई वं. देवाशपथ. हे पाह्य ना, आताही खालीच हाय." आणि खरंच रेघ दोऱ्याच्या खालीच होती. मंदाने एकदा नळी पाहिली, मग तिची नजर खोलीभर फिरली आणि कोपऱ्यातल्या गुंडावर थांबली. ती तिथे गेली, वाकली. आत पाण्याच्या कडेने हिरवट रेघ उमटली होती. ती तशीच वाकून राहिली. तेवढ्यात दारात मामाजी आले.

"काय झालं?"

आत्याबाईंचं तोंड उघडलं होतं, पण मंदा सरळ झाली आणि आधी बोलली. "उन्हानं गेले बाबा. माह्याच्यानं नाई जमलं."

मामाजींनी पेटीकडे पाहिलं. "मंग? इथं नाई जमलं, तिथं काय करशीन?" एवढंच म्हणाले आणि निघून गेले. मंदाने गुंड उचलला, विहिरीवर नेला आणि स्वतः घासून, उन्हात पालथा घालून आली.

संध्याकाळी तिने मला सांगितलं. खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं. माणसाला त्याचं काही होत नाही, पण फुलाला आणि पोवळ्याला ते विष. फूल मेलं, कुजलं आणि त्याने मासेही गेले. "आईनं पानी बराबर राखलं होतं वहिनी. माह्यापेक्षा बराबर."

"मंग सांग ना बाबाले! माह्या हातून नाई गेले, म्हन."

"आन् आईचं काय?"

आत्याबाईंचं काय होईल ते मला माहीत होतं. कधीकाळी आत्याबाईंनी आजारी वासराला काही काढा पाजला होता आणि ते मेलं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हाही मामाजी भाजीत मीठ जास्त झालं की त्या वासराचा उद्धार करत. एका वासराला एवढी वर्षं. मग पोरीच्या जन्माला किती? आणि मामाजींचं एक वेळ सोडून देऊ. ती माय स्वतः जगली असती का?

"उन्हानंच गेले," मंदा म्हणाली. "तुमीही तसंच सांगजा."

पाऊस आला. नवतपा तापला होता त्यामुळे चांगला आला, म्हातारे खरे ठरले. धानाच्या बांधीत चिखल झाला, रोवणी सुरू झाली आणि मंदा बायांच्या रांगेत वाकून रोपं लावू लागली, गुडघ्यापर्यंत पाण्यात. रिकामी पेटी काही दिवस धानाच्या खोलीत होती. मग तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसवली. पुढच्या वर्षी मंदाचं लग्न झालं, वैनगंगेकाठच्या एका गावात. तेही गाव आता गोसीच्या धरणात जाणार म्हणतात, माणसं येऊन मोजणी करून गेली. तिचा नवरा मारत नाही, पीत नाही. लोक म्हणतात, मंदाचं चांगलं झालं. मी तिच्याकडे जाते तेव्हा ती हसून बोलते, पोरांचं करते, धान वाळवते आणि तिच्या डोळ्यांत काही म्हणजे काही हलत नाही. रेघ एका जागी थांबलेली. हेच तर तिला पेटीत हवं होतं, असं माझ्या मनात येतं आणि मलाच माझा राग येतो.

आत्याबाई शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत राहिल्या की, मासे गेले खरे, पण पाणी त्यांनी दोऱ्याच्या वर जाऊ दिलं नव्हतं. त्या गेल्या त्या हिवाळ्यात मामाजी खचले. अंगणात उन्हाला बाज टाकून पडून असायचे. एके सकाळी मी चहा घेऊन गेले. आदल्या दिवशीच मंदा भेटून गेली होती. ते वर पाहत म्हणाले, "लोकं म्हनतात, मासोळ्यांपायी पोरीचं राह्यलं."

मी कप त्यांच्या हातात दिला.

"मासोळ्या जगल्या असत्या तरी मी तिले धाडनारच नव्हतो. नवतपा सांगून ठेवला. म्हनलं, ऊनच करंन काम. बापानं कायले वाईट व्हावं?" मग कपात पाहून म्हणाले, "साखर कमी हाय."

मी साखर आणायला आत गेले. डबा हातात घेऊन किती वेळ उभी होते, मला माहीत नाही. ती सकाळची सगळी मऊ बोलणी, ते वाकून पाहणं, "जगवले तं तू," ते नागपूरला पाठवणं, एकही खरं नव्हतं. तांब्याचा गुंड नसता तर दुसरं काही निघालं असतं. आणि पोरीने आपला जन्म आईवरून ओवाळून टाकला होता, जो मुळात तिच्या हातात कधी दिलेलाच नव्हता. ती सगळी संध्याकाळ मी स्वयंपाकघरात रडले. घरच्यांना वाटलं, आत्याबाईंची आठवण आली.

मामाजीही आता नाहीत. गेल्या आठवड्यात मंदा आली होती. उन्हाचं दार लावून आम्ही दोघी जेवायला बसलो. बाहेर कुणीतरी म्हणत होतं, यंदा रोहिणी चांगली तापणार. मंदा भात कालवता कालवता थांबली. म्हणाली, "वहिनी, माह्या जन्मात मी माह्या मनानं एकच गोष्ट केली. नाई तं सगळं दुसऱ्यांनीच ठरवलं. पन तेवढी एक मी केली. आईले वाचवली." आणि किती वर्षांनी तिच्या डोळ्यांत मला काहीतरी हललेलं दिसलं.

मामाजी काय म्हणाले ते मी तिला सांगितलेलं नाही. मी तिच्या ताटात वरण वाढलं आणि म्हटलं, "होय वं मंदा. तूच वाचवली."